आधी झडप, मग ल्युटेशियम

माझ्या छातीवर उभा व्रण आहे, पण तो कॅन्सरच्या ऑपरेशनचा नाही. गाठी होत्या तिथेच आहेत. मूळ गाठ लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला आणि तिची पिलावळ लिव्हरमध्ये. डॉक्टरांनी उघडलं ते हृदय आणि बदलल्या त्या हृदयाच्या उजव्या बाजूच्या दोन झडपा. आतड्यातल्या गाठीने झडपा कशा काय खराब होतात, हे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने विचारलं. म्हणून आधी तेच सांगून टाकते.

कार्सिनॉइड नावाच्या या गाठी हळू वाढतात, पण गप्प बसत नाहीत. त्या सेरोटोनिन आणि त्याच्या जातीची बरीच रसायनं रक्तात सोडतात. गाठ फक्त आतड्यात असते तोवर हे रक्त आधी लिव्हरमध्ये जातं आणि लिव्हर ती रसायनं मोडून टाकतं. गाठी लिव्हरमध्येच पोचल्या की हा बंदोबस्त संपतो, सगळा माल थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात. वर्षानुवर्षं तो मारा झाला की झडपांवर पांढरट, चिवट थर बसतो, पाकळ्या जाड होऊन आखडतात. तिथून रक्त फुफ्फुसांत जातं आणि फुफ्फुसं सेरोटोनिनची विल्हेवाट लावतात, त्यामुळे डावी बाजू बहुतेकांची वाचते. इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, पडद्यावर माझी ट्रायकस्पिड (उजव्या दोन कप्प्यांमधली) झडप बघितली तेव्हा पावसाळ्यात फुगून अर्ध्यातच अडकलेलं लाकडी दार आठवलं. ना लागत होती, ना पुरती उघडत होती. प्रत्येक ठोक्याला रक्त उलटं मागे.

रोग सापडायला मात्र फार वेळ गेला. मी सांगलीची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पन्नाशी ओलांडली आणि चेहरा, गळा एकदम लाल होऊन तापायला लागला. पाळी जाण्याचं वय, त्यामुळे शिक्षक-खोलीत त्यावर चर्चासुद्धा झाली नाही. सगळ्यांनाच होतं. पण माझ्या दोन मैत्रिणींना घाम फुटायचा आणि मी मात्र कोरडीच लाल व्हायचे, शिवाय तिखट भडंग खाल्लं की हमखास. हा फरक पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी विचारला, तोवर कुणी विचारला नव्हता. मग जुलाब सुरू झाले. त्याला ‘टेन्शनमुळे आतड्याचा त्रास’ हे नाव मिळालं. अधूनमधून छातीत घरघर व्हायची, तिला दमा म्हटलं गेलं. तीन तक्रारी, तीन डॉक्टर, तीन फायली. पोटाच्या सोनोग्राफीत लिव्हरवर ठिपके दिसले तेव्हा कुठे त्या फायली एकत्र आल्या.

चोवीस तासांच्या लघवीची ती तपासणी मला चांगली लक्षात आहे. सेरोटोनिन शरीरात मोडून जे उरतं, ते फाइव्ह-एचआयएए, ते लघवीत मोजतात. लॅबने पाच लिटरचा कॅन दिला, त्यात तळाला थोडं आम्ल. हात लावू नका, वास घेऊ नका, सकाळची पहिली लघवी टाकून द्या आणि तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिलीपर्यंत सगळी यात. त्याआधी तीन दिवस केळं, अननस, अक्रोड, टोमॅटो आणि वांगं बंद. कृष्णाकाठच्या घरात ऐन हंगामात वांगं बंद म्हणजे काय, हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. आकडा वरच्या मर्यादेच्या कितीतरी पट आला.

पुढचे उपचार मुंबईला, टाटा रुग्णालयात. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघायचं, पहाटे दादरला उतरायचं, टॅक्सीने परळ. डोटा स्कॅन, म्हणजे किरणोत्सारी औषध टोचून अशा गाठी शोधणारा स्कॅन, झाला, त्यात गाठी दिव्यांसारख्या उजळल्या आणि दर चार आठवड्यांनी ऑक्ट्रिओटाइडचं, म्हणजे गाठींचं रसायनं सोडणं रोखणाऱ्या औषधाचं, लांब पल्ल्याचं इंजेक्शन सुरू झालं. ते इंजेक्शन म्हणजे एक प्रकरणच आहे. औषध फ्रिजमध्ये ठेवायचं, द्यायच्या आधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आणायचं, मग बाटलीतल्या पावडरीवर पातळ द्रव सोडून न हलवता थांबायचं, पावडर भिजली की हलकेच गोल फिरवायचं. आणि तयार झालं की लगेच टोचायचं, नाहीतर सुईत अडकतं. सांगलीत हे नीट जमणारी एकच सिस्टर मला सापडली. बाकीच्या जोराजोरात बाटली हलवायला घेत आणि मला मास्तरकी करावी लागे.

जुलाब निम्म्यावर आले, लाली कमी झाली. पण जिन्यात दम लागायला लागला. संध्याकाळी पायावर बोट दाबलं की खड्डा राहायचा. पोट वाढलं, साडीची गाठ सैल केली तरी काचायची आणि गळ्याची शीर आरशात उडताना दिसायची. निदान झालं त्याच आठवड्यात हृदयाचा इको करायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. पोटात पाणी धरेपर्यंत तो कुणी सांगितला नाही. ज्यांच्या घरात कार्सिनॉइड निघालाय त्यांनी छातीत काही होत असो वा नसो, इको मागून घ्यावा. एनटी-प्रो-बीएनपी नावाची रक्ताची तपासणीही असते, हृदयावर ताण आला की ती वाढते.

आता खरा पेच. कॅन्सरच्या डॉक्टरांना मला ल्युटेशियम द्यायचं होतं. किरणोत्सारी औषध शिरेतून देतात, ते जाऊन गाठींनाच चिकटतं. आपल्याकडे ते ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या अणुभट्टीच्या जोरावर मिळतं. पण ते देताना किडन्या वाचवायला सोबत अमिनो आम्लांचं सलाईन तासन्‌तास चालवावं लागतं, दीड-दोन लिटर. ज्या बाईच्या पोटात आधीच पाणी साठलंय, जिच्या हृदयाच्या उजव्या बाजूला पुढे ढकलण्याची ताकद उरली नाही, तिच्या अंगात आणखी दोन लिटर ओतायचे? लिव्हरच्या गाठींचा रक्तपुरवठा बंद करायचा पर्यायही होता, पण मागे तुंबलेल्या दाबामुळे लिव्हर सुजून रक्ताने टचटचलेलं. त्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं. कॅन्सरवाले म्हणाले, हृदय ठीक करून या. हृदयवाल्यांपैकी पहिल्यांनी फाईल चाळली आणि म्हणाले, लिव्हरभर गाठी असलेल्या पेशंटची छाती कशाला उघडायची, आहे तेवढे दिवस गोळ्यांवर राहू दे.

ही चेंडूफेक काही आठवडे चालली. लघवीच्या गोळ्यांचे डोस वाढत गेले, पोटॅशियम घसरत गेलं. शेवटी माझ्या लेकीने टाटाच्या डॉक्टरांकडून एक पानी चिठ्ठी लिहून घेतली. ‘गाठी हळू वाढणाऱ्या आहेत, इंजेक्शनने आटोक्यात आहेत, झडपा बदलल्यास पुढचे उपचार देता येतील’ एवढंच त्यात होतं. त्या चिठ्ठीने काम केलं. मुंबईतल्याच दुसऱ्या एका खासगी रुग्णालयातले सर्जन ती वाचून म्हणाले, “मग बोलू या सगळे एकत्र.” फोनवर का होईना, कॅन्सरचे डॉक्टर, हृदयाचे डॉक्टर, सर्जन आणि भूलतज्ज्ञ असे चौघं एका वेळी बोलले. मला विचाराल तर अख्ख्या प्रवासातली सगळ्यात अवघड गोष्ट ही होती. छाती कापणं त्या मानाने सरळ.

सर्जननी धोका झाकून ठेवला नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकला या ऑपरेशनचा मोठा अनुभव आहे. १९८५ ते २०१२ या काळात तिथे १९५ जणांच्या झडपा बदलल्या. त्यात ऑपरेशनच्या आसपास दगावण्याचं प्रमाण एकूण शंभरात दहा होतं, २००० सालानंतरच्यांत सहा. “साध्या झडपेच्या ऑपरेशनपेक्षा हे जास्त आहे,” ते म्हणाले, “पण थांबलात तर उजवा कप्पा इतका थकेल की मग झडप बदलून उपयोग नाही.” मिस्टरांनी सहा आणि दहा हे आकडे वर्तमानपत्राच्या कडेला लिहून घेतले होते. बँकेतला माणूस.

झडप कुठली बसवायची, हा विषय आमच्या घरी वेगळ्याच अंगाने गेला. धातूची बसवली तर टिकते, पण जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी. पुढे मला लिव्हरवर काही करायची वेळ आली, तर ती गोळी आडवी येणार, शिवाय सुजलेल्या लिव्हरमुळे रक्त गोठण्याचा आधीच भरवसा नाही. म्हणून प्राण्याच्या पेशींची. तिचंही खरं सांगितलं त्यांनी: गाठींची रसायनं आटोक्यात ठेवली नाहीत तर नव्या झडपेवरही थर बसू शकतो, गुठळी होऊ शकते. मग चष्मा काढून म्हणाले, “ही झडप गाईच्या हृदयाभोवतीच्या आवरणापासून केलेली असते. दुसरी डुकराची मिळते. तुमच्याकडे काही अडचण?”

आमच्याकडे सासूबाई माळकरी. आषाढीची वारी गुडघे गेले म्हणून बंद झाली, एकादशी अजून सुटलेली नाही. मिस्टर म्हणाले, आईला सांगायचंच नाही. लेकीने त्याच रात्री फोन करून सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही बोलणं नाही. मग सासूबाईंनी विचारलं, “आणि दुसरी कशाची म्हणालीस?” लेक म्हणाली, डुकराची. “मग गाईचीच बसवा. तिचं दूध पिऊनच वाढलोय की आपण. आणि तिला म्हणावं, बरी होऊन ये, मला पोळ्या लाटायला होत नाहीत आता.” सर्जनना हे सांगितलं तर ते खुर्चीत मागे रेलून हसले.

ऑपरेशनच्या तयारीत दातांचा भाग मला नवीन होता. दातात किंवा हिरड्यांत जंतू असतील तर ते रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसतात, म्हणून दंतवैद्याचा दाखला लागतो. माझी एक दाढ किडलेली निघाली. दंतवैद्य नेहमीचं इंजेक्शन भरत होते, तेवढ्यात लेकीने चिठ्ठी पुढे केली: अ‍ॅड्रेनलिन नसलेली भूल द्यावी. दातांच्या नेहमीच्या भुलेत अ‍ॅड्रेनलिन असतं, आणि माझ्या गाठींना ते चिथावतं. गाठी चिथावल्या की त्या एकदम सगळा साठा रिकामा करतात. अंग लालभडक, रक्तदाब पाताळात, श्वासनळ्या आवळलेल्या. याला कार्सिनॉइड क्रायसिस म्हणतात आणि भूलतज्ज्ञाला सगळ्यात धाक असतो तो याचाच.

म्हणून भूलतज्ज्ञ बाई ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माझ्यापाशी सर्जनपेक्षा जास्त वेळ बसल्या. वयाने माझ्या लेकीएवढ्या. “काकू, कशाने लाल होता ते सगळं सांगा. रागावल्यावर? गरम चहा? कुशीवर वळल्यावर?” मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. मॉर्फिन देणार नव्हत्या, कारण त्याने हिस्टामिन सुटतं आणि तेही अंग लाल करून रक्तदाब पाडतं. रक्तदाब पडला तर नेहमी धावून येतं ते अ‍ॅड्रेनलिन शेवटपर्यंत लांब ठेवायचं, आधी व्हॅसोप्रेसिन हे रक्तदाब वाढवणारं दुसरं औषध. आणि ऑक्ट्रिओटाइड आदल्या रात्रीपासून पंपाने शिरेतून सुरू करायचं, ऑपरेशनभर आणि नंतरही दोन दिवस. तासाला शंभर मायक्रोग्रॅम, म्हणजे तासाला एक अँप्युल. एवढा साठा रुग्णालयाच्या मेडिकलमध्ये नसतो. मिस्टर आणि जावई प्रिन्सेस स्ट्रीटच्या घाऊक दुकानांतून हिंडून खोका घेऊन आले, बर्फाच्या डब्यात. टॅक्सीत डबा मांडीवर घेऊन बसले होते म्हणे, सिग्नलला झाकण उघडून बघत.

त्याच दिवशी आणखी एक इको झाला. सलाईन दोन सिरिंजांमध्ये इकडून तिकडे घुसळून फेसाळ करतात आणि हाताच्या शिरेतून सोडतात. बुडबुडे उजव्या कप्प्यात पांढरे चमकतात. फुफ्फुसांत ते विरून जायला हवेत. माझे चार-दोन लगेच डाव्या कप्प्यात दिसले. म्हणजे मधल्या पडद्याला जन्मापासूनचं बारीक छिद्र. तिथून सेरोटोनिन फुफ्फुसांना चुकवून डाव्या झडपांपर्यंत जाऊ शकतं, म्हणून तेही शिवून टाकायचं ठरलं.

ऑपरेशनबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही. छताचे दिवे, थंडी, भूलतज्ज्ञ बाईंचा आवाज “काकू, शाळेतल्या पोरांची नावं सांगा”, आणि मी हजेरीच्या क्रमाने सुरुवात केली एवढंच. बाहेर सकाळची दुपार आणि दुपारची संध्याकाळ झाली. ट्रायकस्पिड आणि पल्मोनरी (उजव्या कप्प्यातून फुफ्फुसांकडे जाणाऱ्या वाटेवरची), दोन्ही झडपा बदलल्या, पल्मोनरीची वाट अरुंद झाली होती ती ठिगळ लावून रुंद केली, छिद्र शिवलं. रक्तदाब एकदा पडला, ऑक्ट्रिओटाइडचा जादा डोस देऊन सावरला. हे सगळं नंतर कळलं.

एक गोष्ट मात्र सर्जननी आधीच समजावली होती. ट्रायकस्पिड झडपेच्या अगदी कडेने हृदयाची वीजवाहिनी जाते. टाके घालताना ती दुखावली तर पेसमेकर लागतो. नेहमीच्या पेसमेकरची तार शिरेतून या झडपेच्या मधूनच खाली नेतात, म्हणजे नवी झडप पुन्हा उघडी राहणार. म्हणून त्यांनी हृदयाच्या बाहेरून एक कायमची तार लावून तिचं टोक कातडीखाली ठेवलं, लागलीच तर असावी म्हणून. पहिल्या काही दिवसांत ठोके मंदावले, तात्पुरत्या बाहेरच्या यंत्रावर होते. मग आपले आपण परत आले. ती तार अजून आत आहे, पोटाच्या वरच्या भागात बोटाला लागते.

आयसीयूत शुद्ध आली ती तहानेने. घशात नळी, बोलता येईना, हात बांधलेले. छातीतून दोन ड्रेन, गळ्यात सुयांचा जुडगा. नळी काढल्यावर कापसाच्या बोळ्याने ओठ ओले केले, तेवढंच. दुखणं मी समजले होते तसं कापल्यासारखं नव्हतं. पाठीत, खांद्यांच्या मधोमध असह्य कळ, कारण छातीचं हाड फाकवताना मागच्या बरगड्याही ताणल्या जातात. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. तीन चेंडूंचं ते श्वासाचं यंत्र दर तासाला ओढायचं, एक चेंडू वर जायचा, दुसरा जागचा हलायचा नाही. फिजिओथेरपीच्या पोरीला मी म्हटलं, “माझ्या वर्गात तू असतीस तर दाखवलं असतं.” ती म्हणाली, “मावशी, आधी दुसरा चेंडू दाखवा.” मध्यरात्री केव्हातरी चेहरा तापला. सिस्टर धावल्या, पंपाचा वेग वाढवला. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला की झडपा नव्या आल्या तरी रोग होता तसाच आहे.

पाणी मात्र भराभर उतरलं. रोज पहाटे उभं करून वजन करायचे आणि काटा रोज खाली. पोट सपाट झालं, पाय बारीक काड्यांसारखे निघाले. इतके दिवस सुजेखाली स्नायू झिजत गेले होते, ते आता दिसायला लागलं. आहारतज्ज्ञांनी अंडी सांगितली. आमच्या घरी अंडी कधीच नव्हती. पनीर, डाळी आणि सातूच्या पिठावर तडजोड झाली. शिवाय नायसिन या जीवनसत्त्वाची गोळी: सेरोटोनिन करण्यात गाठी शरीरातलं ट्रिप्टोफॅन संपवतात, तेच नायसिनचा कच्चा माल, त्यामुळे नायसिन कमी पडून कातडीवर काळपट चट्टे उठतात. माझ्या मनगटांवर होते, सगळ्यांना ते उन्हाचे वाटायचे.

घरी आल्यावर दोन महिने वजन उचलायचं नाही. कुकर नाही, कळशी नाही, नातवाला कडेवर नाही. उठताना हातांवर जोर द्यायचा नाही, उताणंच झोपायचं. रक्त पातळ करायची गोळी पहिले काही महिने होतीच, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, दोन ते तीनच्या मध्ये ठेवायचा. मेथी, पालक एकदम बंद करू नका, पण रोज सारख्या प्रमाणात खा, असं सांगितलं होतं. हे ‘सारख्या प्रमाणात’ आमच्याकडे कुणाला पटेना. भाजी असली तर ताटभर, नसली तर नाही. पहिले दोन रिपोर्ट वरखाली झाले, मग मिस्टरांनी फ्रिजवर तक्ता लावला.

भेटायला येणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला. माझा चेहरा लाल झाला की म्हणायच्या, अगं, अजून होतंय? मग ऑपरेशन कशाचं केलं? सुरुवातीला मी लिव्हर, सेरोटोनिन, झडपा असं सगळं सांगत बसायचे. नंतर सांगायला लागले: पायावर बोट दाबून बघ. खड्डा पडत नव्हता.

हृदय सावरल्याचा इको हातात आला आणि मग परळला ल्युटेशियम. अमिनो आम्लांचं सलाईन सुरू झालं तशी उलट्यांनी हैराण झाले, पण धाप लागली नाही, पायांवर सूज आली नाही. डॉक्टर मधूनमधून येऊन गळ्याची शीर बघून जात. औषधाची बाटली शिशाच्या आवरणात येते, ती लागली की वेगळ्या खोलीत राहायचं, जेवण दाराशी ठेवतात, संडासला दोनदा पाणी ओतायचं. डिस्चार्जनंतरही नातवापासून काही दिवस लांब राहायला सांगितलं होतं.

आता दर सहा महिन्यांनी इको असतो. नव्या पल्मोनरी झडपेवर दाबाचा फरक किंचित वाढलाय, ट्रायकस्पिड व्यवस्थित आहे. सर्जन म्हणतात, बघत राहू, गरज पडली तर मांडीच्या शिरेतून आतल्या आत दुसरी बसवता येते. त्यामुळे इंजेक्शनची तारीख चुकवायची नाही. शाळेतून मी ऐच्छिक निवृत्ती घेतली. पुढचा ल्युटेशियमचा डोस दिवाळीनंतर आहे. त्याआधी एकदा इको, एकदा लघवीचा कॅन.